मदत हवी आहे: जुनी मासेराती साताऱ्यात सांभाळता येईल का?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. बरीच वर्षं डोक्यात असलेली गाडी आता पुण्यात विकायला आलीय. मासेराती ग्रॅनटुरिस्मो, ४.२ लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. दलाल सांगतोय ती किंमत नव्या फॉर्च्युनरच्या जवळपास जाते. त्यामुळे दादाचं मत ठरलेलं: "फॉर्च्युनर घे आणि गप बस."

आधीच सांगतो, इंजिन मागं असलेली सुपरकार सुचवू नका. दोन माणसं, एक पिशवी आणि वळून बघणारी पोरं, एवढ्यासाठी मला गाडी नकोय. हिच्या मागच्या सीटवर आईसुद्धा बसेल. लांब पल्ल्यासाठीच बांधलेली गाडी ही. सकाळी निघून धारवाडला जेवायला उतरलो तरी पाठ शाबूत राहावी. आणि तरी इंजिन फेरारीच्या मारानेलोच्या कारखान्यात जुळवलेलं, ४०५ हॉर्सपॉवर, टर्बो नाही. ते पुढच्या अॅक्सलच्या मागं सरकवून बसवलंय, म्हणून वजन पुढं-मागं जवळजवळ निम्मं-निम्मं. बॉनेट एवढं लांब का, ते तिथं कळतं. (पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीची बॉडी आहे, त्यावर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.)

धाकधूक वेगळीच आहे. खंबाटकी, पसरणी घाट सोडा, तिथं रस्ता बरा आहे. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर पार होईल का? ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय करायचं? आणि बिघडली तर फ्लॅटबेडवर घालून पुणं गाठणं, एवढाच मार्ग आहे का? कुणी अशी गाडी वापरलीय का?

प्रतिसाद (सांगली):
मी बेंटलीची जुनी काँटिनेंटल जीटी बघून सोडली. बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ इंजिन इतकं ठासून बसवलंय की बऱ्याच कामांना ते खालीच उतरवावं लागतं. वर ते पुढच्या अॅक्सलच्याही पुढं, म्हणजे नाक जड. तुमची निवड त्या मानानं शहाणपणाची. फक्त गाडी थंड असतानाच सुरू करायला लावा. दलालानं आधी गरम करून ठेवली असेल तर परत फिरा. थंड इंजिनात सुरुवातीला खडखड आली तर कॅमचे व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढं-मागं करणारे भाग) गेलेले असू शकतात, तो खर्च मोठा. पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबर) या गाडीत लवकर जातात, ते लिफ्टवर घेऊन बघा.

प्रतिसाद (कराड):
पासिंग एमएच-१२ असेल तर फार कटकट नाही. दिल्लीची स्वस्त दिसली तरी हुरळू नका. ना हरकत दाखला काढा, परत इथला रोड टॅक्स भरा, सगळा फायदा तिथंच जिरतो. पेट्रोलचं म्हणाल तर त्या काळच्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या नाहीत. शिवाय अशी गाडी आठवडे उभी राहते आणि इथेनॉल ओल ओढतं. टाकी भरून महिनोन्महिने ठेवू नका. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, नाहीतर भलभलते दिवे पेटतील आणि तुम्ही उगाच घाबराल.
बाकी दादांचं ऐकू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. सर्व्हिसची बिलं मागितली तर दलाल म्हणाला, "साहेब, गाडी बघा, कागद काय बघताय?" तिथंच शंका आली. पुढच्या आठवड्यात सकाळी लवकर, न कळवता जाणार आहे. स्पीडब्रेकरचं उत्तर अजून कुणी दिलं नाही! आणि पुण्यात अशी गाडी लिफ्टवर घेऊन तपासून देणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला गॅरेजवाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.