वॉर्सातलं रंगीत लाकडी छत: सिनेगॉगमध्ये एवढे प्राणी कसे?

चित्रकला_बाई: मुलाकडे वॉर्साला आले आहे. काल पोलिन या पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयात ग्वोझ्जेत्स गावच्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, नव्याने उभारलेलं छत पाहिलं. वेलबुट्टी, बारा राशी, सिंह, युनिकॉर्न आणि गोल धावणारे तीन ससे. तिघांत मिळून कान तीनच, तरी प्रत्येकाला दोन दिसतात! एवढी वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, अशी रचना नाही पाहिली. पण मूर्ती करू नये ही तर ज्यूंची आज्ञा ना? आणि शेपूट तोंडात धरलेला मासा कोण?

जुनी_भिंत: आज्ञेचा रोख पूजेच्या मूर्तीवर, असं तिथल्या समाजाने मानलं. सपाट चित्रं चालली, माणसाची आकृती मात्र टाळली. चित्ता, गरुड, हरीण, सिंह शोधा. 'पिर्के अवोत' हा ज्यूंचा जुना नीतिवचनांचा ग्रंथ सांगतो: देवाची इच्छा पाळायला चित्त्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरणासारखा चपळ, सिंहासारखा बलवान हो. मासा म्हणजे लेव्याथान, बायबलमधला महाकाय सागरी प्राणी. मसीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणहाराच्या, काळात नीतिमानांच्या पंगतीत तो वाढला जाईल ही श्रद्धा.

छताला नुसती सजावट समजू नका. भिंतींवर प्रार्थनाच लिहिल्या होत्या. छताचा तंबूसारखा आकार अभ्यासक थॉमस हबका 'जोहार' या गूढ ग्रंथाशी जोडतात, आणि मला ते पटतं. १७२९ च्या सुमारास रंगवणाऱ्या इसाक आणि इस्रायल या ज्यू कारागिरांनी आपली नावंही तिथे लिहिली. लोककलेत असं नाव क्वचित उरतं, म्हणून मला ती दोन नावं फार मोलाची वाटतात. मूळ इमारत पुढे नष्ट झाली. गाव आता युक्रेनमध्ये आहे.

अलिबागकर_बेने_इस्राएल: आम्हा कोकणातल्या ज्यूंकडे चित्रात माणूस चालतो! घरोघरी एलियाहू हन्नाबीची, म्हणजे संदेष्टा एलियाची, तसबीर असते, अग्निरथातून स्वर्गात जाताना. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. नवस फेडायला तिथे जातो, मलिदा (गोड पोहे आणि फळांचा प्रसाद) करतो. आजी तसबिरीला हात लावून मगच घराबाहेर पडायची.

चित्रकला_बाई: दोघांचेही मनापासून आभार. मूळ इमारतच गेली, मग रंग कुठून कळले?

जुनी_भिंत: जुने फोटो कृष्णधवल होते. रंगांसाठी इसिडोर काउफमान या चित्रकाराने तिथे बसून केलेलं रंगीत चित्र कामी आलं. मग स्वयंसेवकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या पद्धतीची हत्यारं वापरून लाकूड तासलं, रंगाची पूड सरसात कालवून फळ्या रंगवल्या. आकार मूळच्या ८५ टक्के आहे.

चित्रकला_बाई: सरसातले रंग! वर्गात हेच करून घेते, सुरुवात तीन सशांपासून.