आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी चालले आहे, व्यायाम कसा टिकवू? (मदत हवी आहे)

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. राहते पुण्यात, वय पंचेचाळिशीच्या पुढे, माहेर अमळनेर तालुक्यात. आखाजीला गेले की लगेच परत येणं होत नाही. मधे भाचीचं लग्न आहे, आणि अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत एकादशीचा रथ आणि पौर्णिमेची पालखी झाल्याशिवाय आई निघू देत नाही. म्हणजे पंधरवडा गेलाच समजा.

हिवाळ्यात साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, गोळी तूर्त नको, पण चालणं सोडू नका. तेव्हापासून सकाळी भरभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा डंबेल असं छान बसलं आहे. ते मोडायची भीती वाटते.

आता अडचण सांगते. ऊन तर तुम्हाला माहीत आहेच, दुपारी ४३-४४ अंश. सकाळी आठनंतर बाहेर पडायची सोय नाही. राहिला पहाटे पाच ते सातचा वेळ, आणि नेमका तोच घरात सगळ्यात कामाचा! बिबडे, कुरडया, पापड, सगळं ऊन चढायच्या आत गच्चीवर पडायला हवं. दोन वहिन्या चिकाच्या पातेल्याशी झटत असताना नणंदबाई बूट घालून फिरायला निघाल्या, हे मला स्वतःलाच बरं दिसत नाही. एकदा निघाले तर ओट्यावरची आजी म्हणाली, "कोठे चालनी व? घरमा काम नही का?" तिचंही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी जावं तर रस्ता तापलेला, आणि पाहुणे बसलेले.

एक विनंती. मांडे खाऊ नका, आमरस सोडा असले सल्ले देऊ नका. खापरावरचा मांडा वर्षातून एकदा मिळतो, तो रस्सीबरोबर खाणारच. मोजून खाईन, पण खाईन. मला फक्त व्यायामाबद्दल सांगा.

शिरपूरवाला

ताई, पंधरा दिवस तब्येत सुधारायचा विचार सोडा, आहे ती राखायची एवढंच धरा. ताकद टिकवायला कमावण्याइतका व्यायाम लागत नाही. उचलायचं वजन तेच ठेवलं तर आठवड्यातून एकदा-दोनदा केलं तरी ती बऱ्यापैकी टिकते. वेळ कमी करा, जोर कमी करू नका.

डंबेल घेऊन एसटीत चढू नका. रबरी बँड घ्या, पिशवीच्या कोपऱ्यात मावतो. खिडकीच्या गजाला किंवा पलंगाच्या पायाला अडकवून ओढायचा. उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर, झालं. वीस मिनिटं दार लावून. दुपारी सगळे झोपतात तेव्हा पंख्याखाली करा, कुलर असेल तर उत्तमच.

खानदेशी मावशी

पोरी, पहाटेची वेळ वहिन्यांना देऊन टाक. खाली बसून चीक घाटायला लागलीस की दंड आपोआप भरतात. पण तेवढ्यावर साखरेचं भागेल असं मी म्हणणार नाही. घाटण्यात दम लागत नाही, भरभर चालण्यात लागतो. आखाजीच्या झोक्यालाही व्यायामात धरू नकोस, उभं राहून चढवलास तरी.

मी काय करते सांगते. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं, दोन्ही वेळेला. जेवणानंतर लगेच चाललं की साखर एकदम वर चढत नाही, हे माझ्या मशीनवर मी बघितलंय. दुपारी घरातल्या घरात, ओसरीपासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या. रात्री गच्चीवर. आणि एकटी जाऊ नकोस, वहिन्यांना आणि पोरींना घे. गौराईची गाणी म्हणत सगळ्याजणी चालल्या तर कोण काय बोलणार?

भुसावळकर

एवढा घोर कशाला? पंधरा दिवस सुट्टी घ्या, आनंदाने खा, पुण्याला गेल्यावर पुन्हा सुरू करा. माणूस यंत्र आहे का?

बोरीकाठची

भाऊ, नुसतं वजनाचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं. पण खंड पडला की नंतर सुरू करायला मला महिना लागतो, आणि तोवर पावसाळा येतो.

मावशी, गच्चीचं सुचलंच नव्हतं. रात्री सगळे तिथेच झोपायला येतात, त्याआधी अर्धा तास मिळेल. आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं असं म्हणतात ना, दोन जेवणांनंतरचं धरून तेवढी होतील असं वाटतं.

शिरपूरवाले दादा, दुपारचं जमेल, पण कुलरच्या खोलीत सगळे झोपलेले असतात. मला मिळेल ती मागची पत्र्याची खोली.

शिरपूरवाला

पत्र्याखाली दुपारी अजिबात नको. तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त भट्टी असते. मग रात्री गच्चीवरच बँड ओढा.

आणि पुण्याच्या हवेतून येताय हे विसरू नका. उन्हाची सवय व्हायला अंगाला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणजे सवय होईल तेव्हा तुमची निघायची वेळ. पहिले तीन-चार दिवस निम्माच व्यायाम करा. आपल्याकडची हवा कोरडी, घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे किती गेला ते कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता मीठ घातलेलं ताक घेत राहा. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं की तिथेच थांबून सावलीत पडायचं, ओला पंचा मानेवर. "एवढं पुरं करते आणि मग बसते" असं करू नका.

खानदेशी मावशी

लग्नाच्या दिवशी मात्र काही करू नकोस. हळदीपासून पंगतीपर्यंत पाय आपोआप दुखतात.

बोरीकाठची

ठरलं तर. पहाट बिबड्यांची, जेवणानंतर येरझाऱ्या, रात्री गच्ची, आठवड्यातून दोनदा बँड. यात्रेच्या दिवशी चालणं आपोआपच होईल, बोरी नदीच्या पात्रात तेवढी गर्दी असते. बँड आज घेते. तो रात्री गच्चीवरच ठेवला तर चालेल ना, रोज खाली-वर नको?

शिरपूरवाला

नको. रबर उन्हात राहिलं की कडक होऊन चिरा पडतात, आणि ओढताना तुटला तर थेट तोंडावर बसतो. कपाटात ठेवा, चिकट वाटला तर थोडी टाल्कम पावडर लावा. आणि रोज ओढायच्या आधी एकदा ताणून बघा, कुठे बारीक चीर दिसते का.