पुढचे व्हील हब घरीच बदलायचे आहेत : सीलबंदच ठेवू की ग्रीसवाले करू?

खडखडाट

मंडळी, राम राम.

माझ्या पिकअपने ३ लाख ४० हजार किलोमीटर ओलांडलेत. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स कुरकुरतो पण चालतो. दुखणं आहे पुढच्या चाकांचं. पन्नासच्या पुढे गेलो की उजवीकडून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि ऐंशीला गाणी ऐकू येईनाशी होतात. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळत ठेवली तरी तो तसाच राहतो, म्हणजे इंजिनाचा नाही एवढं कळलं.

गाडी फोर बाय फोर, पुढे सलग अ‍ॅक्सल. हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगसकट भाग) सीलबंद, नकलला (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, हब धरणाऱ्या लोखंडी भागाला) मागून चार बोल्टने बसणारा, एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर त्यातूनच निघते. आधीच्या मालकाने मोठे टायर आणि बाहेर आलेल्या रुंद रिम टाकल्यात. दिसायला झकास, मीही त्याच बघून भाळलो होतो. उजवा हब दोन वर्षांपूर्वी बदलला होता, मिळाला त्यातला सगळ्यात स्वस्त. तो ३० हजार किलोमीटरही टिकला नाही.

आता एकदाच काय ते नीट करायचंय. माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. चांगल्या कंपनीचे सीलबंद हब दोन्हीकडे टाकायचे, नाहीतर रूपांतराचा संच घेऊन वेगळे टेपर (निमुळत्या रोलरचे) बेअरिंग आणि हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवायचे. ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॉल जॉइंट एवढं मी घरी केलंय. टॉर्क पाना आहे, प्रेस नाही. काय करू?

तेलकट_हात

आधी रोगाची खात्री करा, नाहीतर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला व्हायचं. झिजून खवल्याखवल्यांचा झालेला टायर अगदी बेअरिंगसारखाच घुमतो. पुढची चाकं मागे टाका आणि तोच रस्ता पुन्हा फिरून या. आवाज मागे गेला तर टायर, पुढेच राहिला तर हब.

दुसरं, मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी डोलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशयित उजवा.

मग जॅक लावा, खाली स्टँड द्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, कारण डिस्क आणि नकल आता एकमेकांना बांधले गेले. तरीही हलत असेल तर बॉल जॉइंट बघा. शेवटी एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. कानाला न कळणारं तळहाताला कळतं.

खडखडाट

सगळं करून पाहिलं. टायर मागे टाकले तरी आवाज पुढेच. उजव्या चाकाला वर-खाली किंचित प्ले, ब्रेक दाबला की गायब. आणि स्प्रिंगवर हात ठेवल्यावर तर कमालच झाली. उजवीकडे चाक फिरवलं की हाताखाली अशी बारीक झिणझिण जाणवते की जणू खिशात फोन थरथरतोय. डावीकडे काहीच नाही, लोणी.

म्हणजे उजवा नक्की. आता मूळ प्रश्नावर या, मायबाप.

लेथवाला_आजोबा

तुमचा हब तीस हजारात का गेला याचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय : "बाहेर आलेल्या रिम". सगळं खापर स्वस्त मालावर फोडू नका.

हबमध्ये बेअरिंगच्या दोन ओळी असतात. कंपनीच्या रिमवर चाकाचा भार साधारण या दोन ओळींच्या मधून जातो. रिम बाहेर सरकली की तो बाहेरच्या ओळीकडे सरकतो आणि वर हबला पिरगळणारा जोरही वाढतो. लांब दांड्याचा पाना वापरल्यावर नट कसा सहज सुटतो? तोच प्रकार, फक्त इथे तुमच्याविरुद्ध. टायर मोठा म्हणजे वळणावर बाजूने बसणाऱ्या रेट्याचा दांडाही तेवढाच लांब.

आता बेअरिंगचा हिशोब. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळपास निम्मं. दुप्पट झाला तर एक अष्टमांश. रोलर बेअरिंग जास्त भार पेलतं, पण त्याला घाताचा आकडा ३ ऐवजी १०/३ धरतात, म्हणजे भार वाढला की त्याचं आयुष्य आणखीच झपाट्याने घटतं. म्हणून सांगतो, हब कोणताही घ्या, रिम तीच ठेवलीत तर तो मूळ आयुष्य देणार नाही.

टेपर रोलर हा जुनाच आणि भरवशाचा प्रकार. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा रस्त्यावर बहुतेक घोडागाड्याच होत्या. उभा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही एकदम घेतो, हे त्याचं वैशिष्ट्य. तुमच्या सीलबंद हबच्या पोटातही टेपर रोलरच असू शकतात. फरक एवढाच की तो उघडून ग्रीस भरता येत नाही.

दगडधोंडा

मी रूपांतर केलेला माणूस आहे, म्हणून त्या बाजूने बोलतो. सीलबंद हब थेट अ‍ॅक्सलशी जोडलेला असतो. त्यामुळे टू-व्हीलवर चालवतानाही पुढचा शाफ्ट, त्याचे क्रॉस (शाफ्टचे वाकणारे सांधे), डिफरन्शियलचे दात, सगळं फुकट फिरत राहतं. हाताचे लॉकिंग हब मोकळे सोडले की हे सगळं गप्प उभं राहतं. स्टिअरिंग हलकं वाटतं, क्रॉस वर्षानुवर्षं टिकतात. डिझेल वाचतं म्हणतात, पण माझ्या टाकीला ते कधी जाणवलं नाही, खोटं कशाला बोलू.

बेअरिंग वाजलं तर अख्खा हब फेकायचा नाही. कप-कोन (बेअरिंगची बाहेरची आणि आतली कडी) आणि सील बदललं की झालं. प्रेस लागत नाही. पितळी पंचाने कप ठोकून काढायचा आणि नवा बसवायचा. नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हलकाच बसतो. जुना कप बाहेरून थोडा घासून घेतला की नवा ठोकायला तोच ठोकणी म्हणून वापरता येतो.

तेलकट_हात

दगडधोंडा, आता दुसरी बाजूही सांगा की! एबीएस राहिलं का तुमचं?

दगडधोंडा

नाही राहिलं. माझ्या संचात सेन्सरची सोयच नव्हती, काहींत असते. घेण्याआधी हे विचाराच. आणि हो, लॉकिंग हब रिमच्या मधून बाहेर डोकावतो. रिमचं मधलं भोक लहान असेल तर चाकच बसत नाही. मला ते संच खोलल्यावर कळलं. शिवाय चिखल-पाण्यातून फिरत असाल तर दरवर्षी बेअरिंग उघडून धुणं आणि ग्रीस भरणं आलंच. त्याचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. माझीही पन्नासलाच घूं करते, पण मी गाणी मोठ्याने लावतो.

लेथवाला_आजोबा

खडखडाट, गाडी दगडधोंड्यातून नेता की रस्त्यावर?

खडखडाट

नव्वद टक्के रस्ता. वर्षातून दोन-चारदा चिखल. एबीएस मला हवंय, घरचे लोकही चालवतात.

लेथवाला_आजोबा

मग निकाल लागला. चांगला सीलबंद हब घ्या आणि कंपनीच्या मापाच्या रिम शोधा. तुमच्यासाठी खरी सुधारणा ती आहे. उरलेल्या पैशात त्या बाजूचा अ‍ॅक्सल सील आणि शाफ्टचा क्रॉस बदला. हब निघाला की शाफ्ट हातात येतोच, पुन्हा तेवढ्यासाठी उघडण्यात अर्थ नाही. क्रॉस दोन्ही दिशांना वाकवून बघा. कुठे अडखळला किंवा कोरडा वाटला तर बाद.

डावा हब आवाज करत नसेल तर त्याला हात लावू नका. जोडीने बदलण्याचा नियम ब्रेक पॅडना लागू, बेअरिंगला नाही.

तेलकट_हात

आजोबांशी डाव्याबद्दल असहमत. मी दोन्ही बदलले असते, पण तो वाद राहू दे. काम कसं करायचं ते लिहितो, कारण खरी लढाई बोल्ट खोलण्याची नसते. हब नकलमध्ये गंजून बसलेला असतो, त्याच्याशी असते.

आदल्या दिवशी चारही बोल्टवर आणि हबच्या कडेने गंज सोडवणारं तेल मारा. रात्री पुन्हा एकदा. मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, जॅकवर घेऊन त्याच्याशी झटापट नको. पण सैल म्हणजे फक्त सैल. तो काढलेला असताना गाडी चाकावर टेकवायची नाही आणि ढकलायची तर मुळीच नाही. बऱ्याच सीलबंद हबचे आतले दोन भाग तो नटच एकत्र दाबून धरतो. विनानट वजन आलं तर नवा बेअरिंगही तिथल्या तिथे खराब होतो.

कॅलिपर काढल्यावर तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, पाइप आतून फाटतो आणि बाहेरून दिसतही नाही. एबीएसची वायर आधी चेसिसकडच्या जोडापासून सोडवा. ती कुठून कशी गेलीय त्याचा फोटो काढून ठेवा.

हब हलत नसेल तर बोल्ट चार-पाच आटे सोडून तसेच ठेवा आणि बोल्टच्या डोक्यावर मागून, एकाआड एक, थोडं थोडं ठोका. बोल्ट आतच असल्यामुळे हब सुटून पायावर पडत नाही. ठोकून झालेले बोल्ट पुन्हा वापरू नका. स्टिअरिंगच्या जोराने हब ढकलायची युक्ती लोक सांगतात. मी ती एकदाच केली आणि नंतर पुन्हा करण्याची छाती झाली नाही.

बाहेर आल्यावर नकलचं भोक तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. हब टेकतो त्या सपाट पृष्ठभागावर गंजाचा कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं. मग लोक डिस्कला शिव्या देतात. भोकात अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल. सेन्सरला मात्र ते लागू देऊ नका.

घट्ट करताना सगळं टॉर्क पान्याने, इम्पॅक्ट गन लांब ठेवा. मधल्या नटाचा आकडा गाडीगणिक बदलतो, काहींत २०० न्यूटन-मीटरच्या आत, काहींत ३०० च्या वर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा, माझा किंवा आणखी कुणाचा नको. नट नवा वापरा. चाकाचे नट १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

खडखडाट

मंडळी, झालं एकदाचं. दोन सुट्ट्या गेल्या.

पहिल्या दिवशी बोल्ट निघाले आणि मी खूश. दुपारपर्यंत हब जागचा हलला नाही. तेलकट_हात यांनी सांगितल्याप्रमाणे मागून ठोकत होतो, पण धीर सुटला आणि समोरून फ्लँजला (चाक टेकतं त्या हबच्या चकतीला) कडेने दोन दणके दिले. धप्पकन हब हातात आला. अर्धाच! फ्लँज आणि आतली रिंग माझ्या मांडीवर, बाहेरचं कवच नकलमध्ये जसंच्या तसं, आणि रोलर सगळ्या फरशीवर. त्यातले दोन अजून सापडायचेत. उरलेलं कवच काढायला दुसरा दिवस गेला. तेल, छिन्नी, थोडी आच, पुन्हा तेल. आच देण्याआधी तेल नीट पुसा, कारण धुराने घरातले सगळे बाहेर आले होते.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती. ते कवच रॉकेलने धुऊन उन्हात धरलं. आतल्या ओळीची पट्टी आरशासारखी, माझं नाक दिसत होतं. बाहेरच्या ओळीच्या पट्टीवर वरच्या बाजूला बोटभर जागेत पापुद्रे उडालेले, भिंतीचा रंग ओल लागून उडतो तसे. नख फिरवलं की अडकतं. ग्रीस तिथे तपकिरी आणि कडेला गंजाची रेघ, म्हणजे सीलमधून पाणीही गेलं असणार. आजोबा म्हणाले ती बाहेरची ओळ म्हणजे हीच.

क्रॉस एका दिशेला अडखळत होता, बदलला. सीलही बदलला.

सगळं लावल्यावर एबीएसचा दिवा पेटला. पोटात गोळा आला, सेन्सर खराब निघाला की काय म्हणून. वायरचा मागोवा घेत गेलो तर चेसिसकडचा जोड अर्धवट बसलेला. टक् असा आवाज येईपर्यंत दाबला आणि थोडं चालवल्यावर दिवा विझला.

लेथवाला_आजोबा

पापुद्रे वरच्याच बाजूला असणार. कवच फिरत नाही, त्यामुळे गाडीचं वजन जन्मभर त्याच बोटभर जागेवर येतं. फोटो असेल तर टाका. रिमचं काय झालं?

खडखडाट

फोटो काढायचं सुचलंच नाही, हात बरबटलेले होते. कंपनीच्या मापाच्या जुन्या रिम मिळाल्या, टायरही लहान टाकले. गाडी थोडी बापुडवाणी दिसते. पण ऐंशीला आता वाऱ्याचा आवाज येतो, जो मी या गाडीत कधी ऐकलाच नव्हता. मागचा एक दरवाजा खुळखुळतो हेही त्यामुळेच कळलं.

१०० किलोमीटरनंतर नट तपासले, उजव्या चाकाचे दोन जरासे फिरले. हब मी जोडीने आणले होते. डाव्याचा खोका न फोडता सीटखाली ठेवलाय, तेलकट_हात आणि आजोबा यांच्यातलं कोण बरोबर ते तोच ठरवेल.