मदत हवी आहे: लोहाची गोळी, सकाळची शाळा आणि डबा

लेक 14 वर्षांची. हिमोग्लोबिन 9.8 आलं. डॉक्टरांनी रोज लोहाची एक गोळी 3 महिने दिली आहे. जंताची गोळी झाली, थॅलेसेमियाची तपासणी नॉर्मल. पाळी नियमित आहे, अंगावरून फार जात नाही. गोळी बंद करायची नाहीच, त्यामुळे ‘फक्त बीट-खजूर द्या’ असं कृपया सुचवू नका.

अडचण वेळेची आहे. शाळा 7 ते 1. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, दोनदा वर्गात उलटी झाली. दुधासोबत दिली तर पोटाला बरं वाटतं, पण दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. चहा तिचा बंद केलाय (रडारड झाली, पण केलाच). रात्री जेवणानंतर देऊन पाहिली. मळमळ थांबली, पण आमच्याकडे रात्री ताक-भात असतोच, म्हणजे पुन्हा तेच. शौचाला खडा होतो, त्यासाठी भिजवलेले काळे मनुके आणि भरपूर पाणी चालू आहे.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. हळिवाचे लाडू ती खात नाही; मोड आलेली मटकी, लाल माठ, लिंबू, पेरू, आवळा आवडीने खाते.

डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहेच. तोवर, ज्यांनी मुलींना ही गोळी पूर्ण कोर्स दिली त्यांनी सांगा: दुपारी शाळेतून आल्यावर लिंबू पिळलेली मटकी खाऊन लगेच गोळी दिली तर मळमळ टळते का, की जेवण आणि गोळीत अंतर ठेवावं लागलं, आणि किती?