एजीएमची नोटीस पोचलीच नाही! (सोसायटीच्या ग्रुपवर, वार्षिक सभेआधी)

ए-२०३: सेक्रेटरीसाहेब, एजीएमची नोटीस आम्हाला आलेली नाही. समोरच्यांना सोमवारीच मिळाली म्हणे. आम्ही काय भाडेकरू आहोत का?

सेक्रेटरी: वहिनी, ६४ जणांना एकदमच मेल गेलाय. सेंटमध्ये दिसतोय. स्क्रीनशॉट टाकू?

सी-५०१: काका, सेंटमध्ये दिसतो म्हणजे तुमच्याकडून निघाला, एवढंच. परत काही आलं का? मेल पोचला नाही की सर्व्हर 'मेलर डीमन' नावाने कळवतो, तसं?

सेक्रेटरी: आले होते तीन. कुठलं तरी इंग्रजी स्पॅम वाटलं, उडवले.

सी-५०१: 🙏🙏 अहो, तेच तर वाचायचं असतं! बिनमध्ये बघा, ३० दिवस राहतात.

खजिनदार: मी पहिल्यापासून म्हणतोय, वॉचमनकडून सह्या घेऊन घरोघरी द्या.

सेक्रेटरी: सापडले. ए-२०३ : ४५२, ४.२.२, आउट ऑफ स्टोरेज स्पेस.

सी-५०१: काकू, तुमचा इनबॉक्स भरलाय. ४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. पाठवणारा सर्व्हर थोडे दिवस खेटे घालतो, मग नाद सोडतो. ५ ने सुरू झाला तर दारातूनच परत.

ए-२०३: मला महिन्याला चार मेल येत नाहीत, भरेल कसा?

सी-५०१: फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच जातो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ धरून.

ए-२०३: ते बी विंगवाले पाठवतात. मी नाही.

बी-३०१: 😡

सेक्रेटरी: डी-४०२ च्या ऑफिसच्या मेलवरून ५५२, ५.३.४. मेसेज टू बिग.

सी-५०१: नोटिशीला जोडलेली ताळेबंदाची फाइल केवढी आहे?

खजिनदार: २१ एमबी. ३८ पानांचे मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ केलीय.

सी-५०१: मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २१ ची २८ झाली. जीमेलने चालवून घेतली, त्यांच्या ऑफिसने नाही. ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

सी-१०२: मलाही नाही मिळाली. माझा मेल परत आलाय का?

सेक्रेटरी: नाही.

सी-५०१: मग स्पॅममध्ये बघा.

सी-१०२: आहे. 🙈

खजिनदार: सभा २८ ला, आज ११ तारीख. नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात. आज रात्रीच परत पाठवा, नाहीतर कोणीतरी रजिस्ट्रारकडे जाईल.

सेक्रेटरी: पाठवतो. तिसरा बी-१०४, डोमेन नॉट फाउंड.

बी-१०४: माझा पत्ता बरोबर आहे. तुम्हीच चुकीचा टाइप केला असेल.

सेक्रेटरी: फॉर्मवर तुमच्या अक्षरात 'जीमेल डॉट कॉन' लिहिलंय. फोटो टाकू इथे?

बी-१०४: नको. डॉट कॉम करा.