अनुभव धागा: धंद्यातला कुठला हेलपाटा वाचला, कुठला नवा लागला?

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. वडिलांच्या टेबलाच्या खणात एक निळी वही असायची. तिच्यात ऑर्डरी नसायच्या, कुठल्या तारखेला कुठल्या ऑफिसात जायचं ते असायचं. विक्रीकर, जकात, फॅक्टरी, शॉप अ‍ॅक्ट, वीज. वडील गेले त्यानंतर ती वही मी वर्ष लावून मोजली. एका वर्षात ७१ हेलपाटे निघाले. त्या माणसाचा हात लेथवर इतका बसलेला होता, आणि वर्षातले एवढे दिवस त्याने बाकड्यांवर बसून घालवले, हे मला अजून सोसत नाही.

जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत भारत २०१५च्या अहवालात १४२वा होता आणि २०२०च्या अहवालात ६३वा. पुढे काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली म्हणून बँकेने सप्टेंबर २०२१मध्ये ती यादीच बंद केली. गडबडीच्या त्या देशांत भारत नव्हता, आणि बदल झालेच नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण भारताची मोजणी मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांत व्हायची. इचलकरंजीला, लातूरला, सावंतवाडीला कुणी काही विचारलंच नाही. म्हणून इथे विचारते.

स्वतःवर आलेलंच लिहा. ऑफिसाचं, बँकेचं, माणसाचं नाव घालू नका. चांगलं घडलं असेल तर तेही मनापासून लिहा.

कराड, मालवाहतूक

दोन गाड्या आहेत, एक स्वतः चालवतो. गूळ, साखर, कधी फौंड्रीचं कास्टिंग घेऊन मुंबई. जकात होती तेव्हा मुंबईच्या वेशीवर रात्र जायची, हे धरूनच भाडं ठरायचं. बाकी शहरांची जकात आधीच गेली होती. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि २०१५च्या ऑगस्टात बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही सुटला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हाच गेली. त्या आठवड्यात नाका आला तसा मी सवयीने गाडीचा वेग कमी केला, पण हात करायला कुणी नव्हतं. क्लीनर झोपेतून उठून म्हणाला, "मामा, पावती राहिली का?" आम्ही पहाटे चारला मुंबईत मार्केटात होतो. आधी त्याच वेळी आम्ही रांगेत असायचो. ज्याने हे केलं त्याचं भलं होवो, असं मी मनापासून म्हणतो.

आता नवा हेलपाटा. गाडीतल्या मालासोबत ई-वे बिल लागतं, ते ऑनलाइन काढायचं, आणि त्याला मुदत असते. आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, २०२१पासून २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडणार नाही असं धरून हा हिशेब केलाय. खंबाटकीच्या अलीकडे गिअरबॉक्स बसला. पुण्याहून पार्ट येईपर्यंत दुसरा दिवस उलटला आणि मध्यरात्री बिल संपलं. मुदत वाढवायची तर संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास, एवढीच वेळ असते. माल ज्याचा, त्याच्या कारकुनाच्या लॉगिनवर बिल होतं आणि त्याचा फोन बंद. तसाच निघून धरला गेलो असतो तर कराच्या दुप्पट दंड. ढाब्याच्या खाटेवर बसून दर पंधरा मिनिटांनी फोन लावत होतो. सकाळी सात चाळीसला त्याने उचलला. वीस मिनिटं उरली होती.

तेव्हापासून वाहतूकदार म्हणून माझा नंबर बिलावर घालायला लावतो, म्हणजे वाढ मला करता येते. गाडीवाल्यांनो, तुम्हीही घाला.

सोलापूर, शेंगाचटणी

आम्ही अकरा जणी. बचत गटातून सुरू केलं. अन्न नोंदणीची फार भीती वाटायची. जाऊबाई म्हणायच्या, तपासणीला येतील, चुली मोजतील. पण तेव्हा वर्षाची विक्री बारा लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी लागायची आणि वर्षाला शंभर रुपये फी होती. मुलीने मोबाइलवर भरलं. चौदा आकडी नंबर आला तो पाकिटावर छापला, त्या दिवशी आम्ही पहिलं पाकीट सिद्धेश्वराला ठेवलं. त्या नंबरामुळे पुण्याच्या दुकानात माल उभा राहिला. आधी दुकानदार हातात घेऊन परत द्यायचा.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, त्यात मात्र फसलो. ती फुकट असते, आधार आणि पॅनवर होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी वाटेल अशा एका साइटवर जाऊन अठराशे रुपये भरले. अठराशे म्हणजे आमच्या एकीची आठवड्याची कमाई. ज्यांना अजून करायची आहे त्यांनी पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, तेवढं पाहून घ्या.

कर्जाचं सांगते. पल्व्हरायझर (दळायचं मशीन) आणि पॅकिंग मशीनला चार लाख हवे होते. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं. योजनेचे जिल्ह्याचे संसाधन व्यक्ती घरी आले, प्रकल्प अहवाल करून दिला, एक पैसा घेतला नाही. बँकेत साहेब म्हणाले, तारण काय? घर सासऱ्यांच्या नावावर. छोट्या उद्योगाला दहा लाखांपर्यंत तारण मागू नये असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचाच नियम होता, हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, नियम आहे हो, पण वसुली मला करायची आहे. सात महिने गेले. शेवटी दुसऱ्या बँकेच्या एका मॅडमनी आमची विक्रीची वही पानन् पान वाचली आणि कर्ज दिलं. अनुदान जमा व्हायला पुढे वेळ लागला, पण झालं. त्या मॅडम आता बदलून गेल्या. आमच्या मागच्या गटाला परत पहिल्यापासून.

लातूर, स्टेशनरी आणि झेरॉक्स

शॉप अ‍ॅक्टचा नवा कायदा राज्यात १९ डिसेंबर २०१७पासून लागू आहे. मी केलं तेव्हा त्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नाही, नूतनीकरण नाही, एकदा ऑनलाइन कळवायचं आणि पोच घ्यायची, असं होतं. माझ्याकडे एक मुलगा आणि मी. घरी बसून झालं. वडिलांच्या काळी नूतनीकरणाला दर खेपेला अर्धा दिवस दुकान बंद असायचं.

चालू खातं उघडायला गेलो तर काउंटरवर म्हणाले, "शॉप अ‍ॅक्ट लायसन आणा." पोच दाखवली. "ही पोच आहे, लायसन नाही." लायसन आता निघतच नाही म्हटलं. "आमच्या यादीत लायसन आहे." वजनकाट्याच्या कामाला गेलो तिथेही हेच. दुकान भाड्याने घेताना मालकाच्या वकिलानेही तेच मागितलं. सरकारने कायद्यातून परवाना काढला, पण मागणाऱ्यांच्या छापील याद्यांमधून तो काढायला कुणी गेलंच नाही. शेवटी कायद्यातलं ते कलम छापून घेतलं, पिवळ्या पेनाने रेघ मारली आणि मॅनेजरसमोर ठेवलं. खातं उघडलं. तो कागद माझ्या दुकानात आहे. आजवर चाळीसेक दुकानदारांनी त्याची झेरॉक्स नेली. पैसे घेत नाही.

नाशिक, करसल्लागार

थोडक्यात लिहितो, विवरणपत्रांची २० तारीख जवळ आहे.

जीएसटी आला तेव्हा दरमहा तीन विवरणपत्रं ठरली होती, एक, दोन आणि तीन. दोन आणि तीन चाललीच नाहीत, आणि तात्पुरतं म्हणून आणलेलं तीन-बी कायमचं झालं. २०२१पासून पाच कोटींपर्यंतच्या धंद्याला विवरणपत्र तिमाही करता येतं, त्याने खरंच श्वास घेता आला. पण कर दरमहाच भरायचा.

खरं दुखणं वेगळं आहे. तुम्ही माल घेतला, कर धरून पैसे दिले, पण विकणाऱ्याने त्याचं विवरणपत्रच भरलं नाही तर तुम्हाला त्या कराची वजावट मिळत नाही. २०२२पासून विकणाऱ्याने भरलेलं जे पोर्टलवरच्या यादीत दिसेल तेवढंच. माझे एक हार्डवेअरवाले अशील आहेत, सत्तरीचे. बिल आहे, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आहे, माल दुकानात आहे. मला विचारतात, "माझं काय चुकलं ते सांगा." मला सांगता येत नाही.

सावंतवाडी, काजू आणि कोकम

आमच्याकडून म्हापसा जेमतेम दीड तास. आजी शुक्रवारच्या बाजाराला कोकमं, काजूगर घेऊन जायची. तिच्या मनात राज्याची हद्द कधी आलीच नाही. गोव्यातली अर्धी गिऱ्हाइकं नात्यातली नाहीतर गावच्या ओळखीची.

मालाच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा चाळीस लाख, असं सगळे सांगतात. माझी उलाढाल नऊ लाखांची. निवांत होतो. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, ती मर्यादा तिथे नाही. एकरकमी कराची सोपी योजना घ्यावी तर त्यात राज्याबाहेर विकता येत नाही. ऑक्टोबर २०२३पासून नोंदणीशिवायही ऑनलाइन बाजारात माल ठेवता येतो, तोही राज्याच्या आतच. म्हणजे मी नागपूरला विनानोंदणी पाठवू शकतो, ते ९०० किलोमीटरच्या आसपास असेल. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे नाही.

नोंदणी केली. दरमहा सल्लागाराचे पैसे जातात, शून्य विक्रीच्या पावसाळ्यातही विवरणपत्र भरावं लागतं. नाक्यावरचा जाच गेला हे कराडच्या मामांचं म्हणणं मला पटतं, बांद्याला आम्हीही थांबलोय. पण देश एक बाजार झाला म्हणतात तेव्हा मला आजीची पाटी आठवते. तिला आज तो बाजार करता आला नसता. सीमेवरच्या लहान विक्रेत्यांना निदान शेजारच्या राज्यापुरती सूट द्या, एवढंच मागणं आहे.

निवृत्त, एका जिल्हा कार्यालयातून

मी टेबलाच्या पलीकडून लिहितो आहे. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

२०१५मध्ये राज्याने लोकसेवा हक्क कायदा केला. सेवेला मुदत, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. कायदा उत्तम आहे. पण मुदतीचं घड्याळ अर्ज परिपूर्ण झाला की सुरू होतं. मग आम्ही काय करायचो? मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्रुटी काढायचो. सहीची जागा, भाडेकरार जुना, नकाशावर शिक्का पुसट. त्रुटी निघाली की अर्ज परत, घड्याळ शून्यावर. संगणकावर आमचं काम शंभर टक्के मुदतीत दिसायचं. वरच्या बैठकीत शाबासकीही मिळाली.

यात सगळे पैसे खाणारे होते असं नाही. मी खाल्ले नाहीत. पण परवानगी दिली आणि पुढे काही झालं तर चौकशी माझ्यावर, आणि अर्ज लोंबकळत ठेवला तर मला कुणीच काही विचारत नाही. हे असं असताना शहाणा कारकून काय करील? भोसरीच्या ताई, तुमच्या वडिलांच्या ७१ फेऱ्यांतल्या काही माझ्यासारख्या कुणीतरी घालायला लावलेल्या असतील. त्याचं मला वाईट वाटतं.

उपाय एवढाच सुचतो: त्रुटी एकदाच आणि पहिल्या सात दिवसांतच काढता यावी, सगळ्या एकत्र. नंतर काढली तर ती धरू नये. सध्या अर्ज करणाऱ्यांनी त्रुटीचं पत्र लेखीच मागावं आणि तारीख जपून ठेवावी. अपिलात तिचाच उपयोग होतो.

भोसरी

काका, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रात्री पुन्हा ती वही काढली. एका पानावर एकाच कामाचे नऊ हेलपाटे आहेत आणि प्रत्येकापुढे वडिलांनी एकच शब्द लिहिलाय, "त्रुटी". आज त्याचा अर्थ कळला.

इचलकरंजी, खर्चीवाला यंत्रमागधारक

बारा साधे माग. सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याचं, आम्ही विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी घ्यायची. आमचा हेलपाटा ऑफिसात नसतो, पेढीवर असतो. मजुरी मागायला.

लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच, हा कायदा २००६पासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मी ते कधी मागितलं नाही. व्याज मागितलं की पुढचं बीम येत नाही, हे गावात लहान पोराला माहीत आहे.

मग आयकरात कलम आलं, ४३ बी (एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदत उलटूनही मार्चअखेर थकलेलेच असतील तर तो खर्च व्यापाऱ्याला त्या वर्षी धरता येत नाही, त्यावर कर बसतो. मार्च २०२४ला त्याचा पहिला दणका बसला. २८ तारखेला पेढीवरून फोन आला, "मजुरी घेऊन जा." आयुष्यात पहिल्यांदा बोलावून पैसे मिळाले. चार महिन्यांचे एकदम. बायकोने सोसायटीचा हप्ता भरला, कांडीवाल्या बायकांची बाकी दिली.

एप्रिलमध्ये तोच फोन. "उद्यम रद्द करून ये, नाहीतर बीम दुसऱ्याकडे." नोंदणी नाही तर कलम लागू नाही. माझ्या शेजाऱ्याने रद्द केली. त्याला दोष देत नाही, त्याच्या मुलीचं लग्न होतं. मी केली नाही, तर दोन महिने चार माग बंद राहिले. कलम चांगलं आहे, ते काढू नका. पण ते चालायचं तर नोंदणी रद्द करायला लावणाऱ्याला रोखणारं काहीतरी हवं, आणि तक्रार नाव न घेता करता यायला हवी. आज तक्रार केली की पहिलं नाव आमचंच व्यापाऱ्याकडे जातं.

यंदा आम्ही आठ खर्चीवाले देवळात बसलो. उद्यम कुणी रद्द करायची नाही. एखाद्याला बीम बंद झालं तर बाकीच्यांनी आपल्यातलं एक त्याच्याकडे विणायला द्यायचं. आतापर्यंत दोघांवर वेळ आली. दुसऱ्याला काल संध्याकाळी माझ्याकडचं बीम टेम्पोत घालून नेऊन दिलं.