कॉलेजातल्या मुलांशी तुम्ही कसं बोलता? अनुभव लिहा

मीरा७
माळा आवरताना माझ्या होस्टेलच्या दिवसांतली बाबांची पत्रं सापडली. एकातही 'अभ्यास कसा चाललाय' नाही. 'पंखा अजून करकरतो का? शेजारच्या खोलीतली ती रडणारी मुलगी आता रुळली का?' असंच सगळं. म्हणून कॉलेज सोडावंसं वाटलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांनाच कळवलं. उलट टपाली एकच प्रश्न आला, 'तिथे सगळ्यात जड काय जातंय?' तेवढ्याने धीर आला हो. आता लेक बाहेर शिकतेय. तुम्ही पोरांशी कसं बोलता, तुमच्याशी कोण कसं बोललं, लिहा ना.

अवखळ
आमच्याकडे 'बरा आहेस ना?' 'हो.' 'झोपतोस ना वेळेवर?' 'हो.' संपला फोन. परवा बायकोने विचारलं, 'आज वर्गात कोणाची फजिती झाली?' गडी जो सुटला! मग ओघात कळलं की रूममेटशी अबोला आहे.

थर्डइयर
पोरांच्या बाजूने सांगतो काकू. फोनवर 'आमच्या वेळी' सुरू झालं की आम्ही स्पीकर लावून कपड्यांच्या घड्या करतो. ताई माझी आधी विचारते, 'नुसतं ऐकू की काही सुचवू?' घरात सगळं पहिलं तिलाच कळतं.

मीरा७
हे लिहूनच ठेवते रे बाळा.

रेक्टरताई
घाईत लिहितेय. मुलींना ऑफिसात समोर बसवून विचारलं की तोंडाला कुलूप. तेच कपडे वाळत घालताना, जिना उतरताना, नजरेला नजर नसली की भडाभडा बोलतात. तेही रात्री अकरानंतर.
एक मुलगी वर्गाला जाईना, दिवसभर अंधारात पडून. मग पुस्तकं, आवडती कानातली वाटून टाकायला लागली. मैत्रिणींना वाटलं, दिलदार झाली. मला धस्स झालं. शेजारी बसून सरळ विचारलं, 'जीव द्यायचे विचार येतात का गं?' हो म्हणाली आणि रडली. त्या रात्री तिला एकटं सोडलं नाही, सकाळी डॉक्टर, घरी फोनही तिला सांगून, तिच्यासमोरच केला. आता नोकरी करतेय, छान आहे.

शब्दसखा
बापरे ताई, हात जोडतो. पण असं थेट विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरत नाही?

मनमोकळी
नाही शिरत. मी समुपदेशनच करते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. १५ ते २९ वयात मृत्यूच्या कारणांत जगभरात आत्महत्या तिसरी आहे (२०२१चे आकडे), तेव्हा शंका आली तर कचरू नका. फक्त 'असलं काही मनात नाही ना?' असं नको. तुम्हाला 'नाही' ऐकायचंय हे मुलांना लगेच कळतं. आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, वेळ आली तर सांगावंच लागतं.

खडूफळा
आमच्याकडे हजेरी कमी पडली की ठरलेला मेल जातो, 'तात्काळ भेटावे'. त्याच्या वर मी दोन ओळी घालतो. 'बरेच दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना? राहिलेलं कसं भरून काढायचं ते मिळून बघू.' एक जण आला, बराच वेळ दारातच उभा. वडील अंथरुणाला खिळलेले, हा रात्रपाळी करतोय, पहाटे परत. त्याला सबमिशनची मुदत वाढवून दिली, फीमध्ये सवलतीचा अर्जही तिथेच बसून भरला. शिक्षा होणार नाही याची खात्री पटेपर्यंत मुलं खरं कारण सांगत नाहीत.

अवखळ
अगदी! रेक्टरताई, ही पोरं रात्री एवढी जागतात कशी पण?

मनमोकळी
त्या वयात शरीराचं घड्याळच मागे पडलेलं असतं, झोप उशिराच येते. आळशीपणा नाही तो. गरज मात्र ७ ते ९ तासांची, आणि सकाळचं लेक्चर आठचं!

थर्डइयर
हा प्रतिसाद आईला पाठवला.

शब्दसखा
सर, तुमच्या त्या दोन ओळी आमच्या विभागात वापरल्या तर चालतील?

खडूफळा
खुशाल. फक्त प्रत्येकाला नाव घालून वेगळा मेल करा, सगळ्यांना एकगठ्ठा नको.